विमानप्रवास आणि संकोच

वरवंडसारख्या गावांतील आजी-आजोबाही आता लेकी-मुलांकडे परदेशी जातात. निघण्यापूर्वी कोणीतरी त्यांना पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ वाचून दाखवावे, असे मी सुचवतो. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रवासवर्णनात लेखक विलायतेतील स्वतःच्याच फजितीला हसतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत पुस्तक कशाला, असे आपणांस वाटेल. पण परमुलखात वृद्धांना आजाराइतकाच संकोच छळतो. विमानातल्या शौचालयाचे दार उघडले नाही तर लोक हसतील, या भीतीने कित्येक जण पाणीच पीत नाहीत आणि जागचे हलत नाहीत. चार तासांहून अधिक असे बसल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. म्हणून मधूनमधून उठावे, घोटे हलवावेत, पाणी प्यावे. (हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र ठरवून दिले असेल तेवढेच.) मोठ्या बॅगेत, विमानाच्या पोटात, इन्सुलिन गोठू शकते, ते हातातल्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवावे. घड्याळ बदलते, तेव्हा मात्रेच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात.

आणि दाराची कडी कशी लावायची, हे हवाईसुंदरीस निःसंकोच विचारावे. तिला हा प्रश्न नवा नसतो.