सामाईक रान

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं नांवें कोंकणांतल्या एखाद्या सात-बाराच्या उताऱ्यावर असतील, आणि त्यांच्या मुलांस त्याचा गंधही नसेल. आम्ही त्यांतलेच. संगमेश्वर तालुक्यांत आमच्या घराण्याचें ११ एकर रान आहे. मालक २७, गांवीं राहणारा एकही नाहीं.

गेल्या फाल्गुनांत तिकडील रानमालकांचा एक मेळावा भरला, त्यास आम्ही मुद्दाम गेलों. खिशांत पुतण्यानें पाठविलेलें संमतिपत्र होतें. रान ठेकेदारास तोडीला द्यावयाचें. २६ सह्या झालेल्या, आमची तेवढी उरलेली. खरें सांगावयाचें तर १९९४ सालीं अशाच एका कागदावर आम्हीं न वाचतां सही केली होती. हिश्श्यास आलेल्या रकमेंत घरीं शिवणयंत्र आलें, एवढेंच स्मरतें.

शाळेच्या पडवींत चाळीसेक मंडळी बसली होती. रत्नागिरी जिल्ह्यांत सरकारी जंगल अगदीं थोडें, बहुतेक रान खाजगी. तेव्हां तें राहणार कीं जाणार हें अशा पडव्यांतच ठरावयाचें. ऐन, किंजळ, खैर इत्यादि जाती तोडण्यास १९६४ च्या कायद्यान्वयें परवानगी लागते. ती कशी मिळवावी यावर बराच वेळ गेला. आम्हांस तो व्यर्थ वाटला. अडचण परवानगीची नसून हिस्सेदारांची आहे. रान तोडलें तर प्रत्येकाच्या हातीं कांहीं तरी पडतें, राखलें तर कोणाच्याच नाहीं. एक गृहस्थ म्हणाले, "तोडलें म्हणून काय झालें? बुंध्याला फुटवे येतातच." मागून एक म्हातारे शेतकरी बोलले, "येतात कीं भाऊ; पण त्यांत ढोली कधीं व्हायची?"

ढोलीचा अर्थ दुपारीं समजला. त्यांच्या रानांत बेहड्याचें झाड आहे, चौघांच्या कवेंत न मावणारें. उंच खोडांतल्या ढोलींत धनेशाची मादी बसली होती. दार लिंपून घेतलेलें, चोंच जाईल एवढीच फट ठेवलेली. नर उंबरें आणून एकेक त्या फटींतून भरवीत होता. असली ढोली जुन्या झाडासच असते, आणि पक्षी वर्षानुवर्षें तीच धरतो. म्हाताऱ्यांनीं एका संस्थेशीं दहा वर्षें तोड न करण्याचा लेखी करार केला आहे. त्याचा मोबदला मिळतो, आणि त्रिफळेसाठीं बेहड्याचीं फळेंही विकलीं जातात. पैसे तोडीइतके नाहींत, हें त्यांनीं आपण होऊनच सांगितलें.

तीस वर्षें आम्हीं नलोपाख्यान शिकविलें. ऋतुपर्ण राजानें रथांतून ज्याचीं पानें व फळें मोजलीं, नळास सोडून कलि ज्यांत शिरला, तो बिभीतक. बिभीतक म्हणजे बेहडा, हें मुलांकडून घोकून घेतलें. झाड मात्र आम्हीं त्या दिवशीं प्रथमच ओळखून पाहिलें. १९९४ च्या तोडींतून कसेबसे वांचलेले असे तीन बेहडे आमच्या रानांतही आहेत, ही माहिती आम्हां मालकांस त्या शेतकऱ्यांनीं दिली.

बेहडे वगळून तोड करावी, असें पुतण्यास लिहिलें. उत्तर आलें कीं, मोठीं झाडें वगळल्यास ठेकेदार रान घेत नाहीं, आणि चुलतबहिणीच्या मुलाच्या फीची मुदत जवळ आली आहे. सही आम्हीं अद्याप केलेली नाहीं. तो येत्या रविवारीं घरीं यावयाचा आहे.