सतरा नगरसेवक, एक नदी

नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात संध्याकाळी स्कूटर लावायला जागा मिळत नाही. इथं बसून गडचिरोलीवर लिहायचं म्हणजे आधी डोळ्यांतली गर्दी पुसावी लागते. 14,412 चौरस किलोमीटरचा जिल्हा, आणि 2011च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला माणसं फक्त 74. आमच्या नागपूर जिल्ह्यात 470.

पर्लकोटा नदीला पूर आला, पुलावरून पाणी गेलं, की या जिल्ह्यातल्या भामरागडचा संपर्क तुटतो; हे वर्षानुवर्षं पाहतोय. त्या भामरागडला नगरपंचायत आहे, 17 नगरसेवकही आहेत. एटापल्लीत तेच, अहेरीत तेच. प्रत्येकाचा सवता सुभा! अग्निशमन बंब, पाणीपुरवठ्याचा अभियंता, कचरा जिरवायची जागा तिघांनी मिळून का ठेवू नये? खर्च वाटला जाईल, चांगला माणूस टिकेल. (एकट्या गावात तो टिकत नाही, हे काय सांगायला हवं?) गावं आणि शहरं यांच्या सामाईक प्रश्नांचा, पाणीवाटपाचाही, एकत्र विचार करा असं घटनेचं कलम 243-झेडडी जिल्हा नियोजन समितीला सांगतंच. पण समितीच्या बैठकीची बातमी येते ती निधीची.

गडचिरोलीच्या वाचकांनी आपापल्या नगरपंचायतीचा अनुभव जरूर कळवावा. पुढच्या अंकात चार पानं राखून ठेवली आहेत.