‘मुलींमध्ये पहिली’ म्हणजे नेमकी कितवी?

या वीकेंडला घरी, ब्रह्मपुरीला आलो. ओसरीवर पट मांडला तर शेजारचे काका म्हणतात, "पोरीबी खेळतात म्हणा आजकाल, पण थे वेगळं राह्यते बा."

वेगळं कसं काय? कुस्तीत ताकद लागते, मान्य. लाकडी घोडा उचलायला किती लागते हो?

डिग्रीला असतानाची एक स्पर्धा आठवली. शेवटची फेरी, दोन मुली, हत्ती-प्याद्यांचा एंडगेम. एकीचं प्यादं जास्त. बाकीचे डाव संपलेले, पाहुणे ताटकळलेले. आयोजक येऊन म्हणाले, "घ्या ना बरोबरी, जेवण थंडं होऊन राहिलं." तिने मुकाट्याने हात पुढे केला. अर्धा गुण गेला, बक्षीसही गेलं. मुलांच्या डावात असं कोणी बोललं असतं? आणि मी? मी तिथेच घड्याळं गोळा करत उभा होतो.. गप्प.

हे जुनंच दुखणं आहे. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तर गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं. बाईला अडवता येणार नाही, हे शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं.

आता २०२५ बघा. बटुमीला महिला वर्ल्ड कपची फायनल, आपल्या नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत. रॅपिडचा पहिलाही बरोबरीत. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली. याच दिव्याला २०२४ मध्ये विक आन झी इथल्या स्पर्धेनंतर लिहावं लागलं होतं, की प्रेक्षक तिचे डाव सोडून कपडे, केस आणि उच्चार बघतात!

तुम्ही म्हणाल, मग महिलांची वेगळी स्पर्धा तरी कशाला? असू द्या की. हॉलमध्ये चाळीस मुलं आणि तीन मुली असल्या की त्या तिघी पुढच्या वर्षी येत नाहीत. वेगळी स्पर्धा त्यांना खेळत ठेवते. माझं भांडण वेगळेपणाशी नाही, दुय्यमपणाशी आहे. घड्याळ तेच, नियम तेच, तर बक्षीस अर्धं का? आणि डाव कधी संपवायचा हे ठरवणारे तुम्ही कोण?

असो. तुमच्या गावच्या स्पर्धेत कोणी जेवणासाठी डाव थांबवायला लागलं, तर तुम्ही तरी बोला. मी बोललो नव्हतो.