तारे कुणाच्या गाडीला?

ऑक्टोबर २०२० मध्ये मलकापूरहून सुरतेला निघालेली खासगी बस रात्री कोंडाईबारी घाटात पुलावरून खाली कोसळली. पाच जण दगावले. साक्रीवरून गुजरातेत कामाला जाणाऱ्यांच्या पोटात आजही या घाटात गोळा येतो. पण रात्रीची ट्रॅव्हल्स काही चुकत नाही. पोट सुरतेतच भरते.

मधल्या काळात मोटारींना तारे मिळू लागले. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ सुरू झाले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने मोटार अडथळ्यावर आदळवायची, आतल्या पुतळ्यांना किती मार बसला ते मोजायचे आणि पाचपैकी तारे द्यायचे. कंपन्या ते जाहिरातीत मिरवतात, मिरवू देत. पण ही योजना ऐच्छिक आणि साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारींपुरती. घाटातून तिकीट काढून जाणाऱ्याची बस तिच्यात बसतच नाही.

बसला नियम नाहीत असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणे नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास करून घ्यावी लागते. उलटण्याच्या चाचणीत बस ८०० मिलिमीटर उंचीवरून, म्हणजे साधारण कमरेएवढ्या, कुशीवर पाडतात आणि सांगाडा प्रवाशांच्या जागेत घुसतो का ते पाहतात. अख्खी बस पाडलीच पाहिजे असेही नाही. बॉडीचा तुकडा किंवा संगणकावरचे गणितही चालते. पुलावरून पडणाऱ्या बसला ही कसोटी पुरणार नाही, त्याबद्दल नियमाला बोल लावण्यात अर्थ नाही. खरी गोम पुढे आहे. चेसिस एकाची, बॉडी दुसऱ्याची, धंदा तिसऱ्याचा. पास होतो तो नमुना. नंतर आपत्कालीन दारासमोर एक सीट वाढली, तर ती प्रवाशाने ओळखायची कशी?

तिकीट काढताना मोबाइलवर एसी, ब्लँकेट, चार्जिंग सगळे दिसते. बॉडी कुणी बांधली, चाचणी अख्ख्या बसवर झाली की कागदावर, मंजूर आसने आणि बाहेर पडायचे मार्ग किती, यातले काही दिसत नाही. एसटीत आसनसंख्या रंगवलेली असते, तशी ही माहिती प्रत्येक ट्रॅव्हल्सच्या दारात मराठीत रंगवून घ्या, सुरतेच्या गाड्यांवर गुजरातीतही, आणि तिकीटविक्रीच्या पानावर सक्तीची करा. तारे द्यायचे तेव्हा द्या.