ठोका, बटई आणि मॉलचा ताळेबंद

भागबाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक हिशेब वाचण्याचा, आणि वाचून होताच त्यांवर फैसला देण्याचा छंद आता मुंबईच्या दलालपेढ्यांपुरता राहिलेला नाही. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरून परतूरची वाट जेथे फुटते, त्या आमच्या वाटूर फाट्यावर कालपरवापर्यंत कापसाचा भाव आणि सोयाबीनची ओल यांखेरीज अर्थकारणाचा तिसरा विषय निघत नसे. तेथे आता डीमॅट खाते बाळगणारा तरुण चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वीच ‘फिनिक्स मिल्स’चा नफा कितीने घसरला ते सांगून मोकळा होतो. हा पालट मला स्वागतार्ह वाटतो. तथापि ज्या कंपनीचा जमाखर्च तपासावयाचा तिचा धंदा तरी कोणता, एवढे आधी निश्चित झाले पाहिजे. आणि मॉल बांधणाऱ्या व चालविणाऱ्या कंपनीच्या बाबतीत नेमके तेवढेच निश्चित न करता उभय पक्षांचे वाग्युद्ध चालू असते, असे माझे म्हणणे आहे.

वादाचा विषय झालेले आकडे प्रथम मांडतो. ‘फिनिक्स मिल्स’ ही देशातील मॉलधंद्यातील अग्रगण्य कंपनी. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तिचे कामकाजातून आलेले उत्पन्न ३,८१४ कोटी रुपये झाले. आदल्या वर्षी ते ३,९७८ कोटी होते. व्याज, घसारा आणि कर वजा जाण्यापूर्वीचा नफा २,१७७ कोटींवरून २,१६१ कोटींवर आला, आणि भागधारकांच्या वाट्याचा निव्वळ नफा १,०९९ कोटींवरून ९८४ कोटींवर, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी, उतरला. परंतु त्याच वर्षी तिच्या मॉलांतील दुकानांनी मिळून १३,७६२ कोटी रुपयांची विक्री केली, ती आदल्या वर्षापेक्षा एकवीस टक्क्यांनी अधिक होती. आणि दुकानांकडून आलेले भाडे १,९५१ कोटी, म्हणजे अठरा टक्क्यांनी अधिक होते. एकच वर्ष, एकच कंपनी आणि एकच दप्तर. पण वरच्या ओळी वाचणारा म्हणतो मॉलचे दिवस भरले, आता सारा बाजार मोबाईलवर गेला. खालच्या ओळी वाचणारा म्हणतो देशात समृद्धीचा पूर आला आहे आणि ही कंपनी त्या पुरावर नाव हाकीत आहे. या दोन्ही पक्षांचे खंडन करणे हा या लेखाचा हेतू आहे, आणि ते करताना एका तिसऱ्या पक्षाचीही दखल घ्यावी लागेल.

मॉलची कंपनी दुकानदार नव्हे. ती जमीनमालक आहे. तिच्या छपराखाली विकली जाणारी साडी, चप्पल वा सिनेमाचे तिकीट तिचे नसते, न विकल्या गेलेल्या मालाचे ओझे तिच्या माथी नसते, आणि गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशाचा अल्पांशच तिच्या गल्ल्यात येतो. हे मराठवाड्यातील वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. निजामाच्या अमलात आणि पुढे १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यानंतरही आमच्याकडे शेत दुसऱ्यास कसावयास देण्याच्या दोन रीती चालत आल्या: एक ठोक्याची, म्हणजे पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम मालकाच्या हाती पडावयाची, आणि दुसरी बटईची, म्हणजे खळ्यावर जे येईल त्यातला ठरलेला वाटा मालकाने उचलावयाचा. पहिल्या रीतीत मालक निर्धास्त राहतो, पण सुगी साधली तरी त्याला जादा पायली मिळत नाही; दुसऱ्या रीतीत सुगी साधली तर त्याचे साधते आणि पाऊस गेला तर त्याचेही जाते. मॉलच्या मालकाने या दोन्ही रीतींचा गुणच तेवढा वेचून करारनामा लिहिला आहे. दुकानदाराने किमान भाडे तर द्यावयाचेच. शिवाय विक्रीचा ठराविक हिस्सा त्या किमान रकमेहून अधिक भरत असेल तर तो अधिक हिस्सा द्यावयाचा. म्हणून रात्री शटर ओढण्यापूर्वी अशा करारातील दुकानाला दिवसाच्या विक्रीचा आकडा मॉलच्या कचेरीस कळवावा लागतो, आणि खळ्यावर पोती मोजताना समोर उभ्या असलेल्या मालकाच्या नजरेत जी चिकित्सा असते, तीच तेथील हिशेबनिसाच्या नजरेत असते. सफाई, पहारा, वातानुकूलन यांचा सामाईक खर्च भाड्याहून वेगळा वसूल होतो. वर दिलेल्या आकड्यांचा भागाकार केला, तर शंभर रुपयांच्या विक्रीमागे मालकाच्या पदरी सुमारे चौदा रुपये भाडे पडले असे दिसते. या धंद्याचे मर्म त्या चौदा रुपयांत आहे.

आता निराशावाद्यांकडे वळू. त्यांच्या बाजूने जे बोलता येईल ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. अमेरिकेत ओसाड पडलेल्या मॉलांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. घरबसल्या माल मागविण्याची सोय आज परतूर-मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे. आणि टाळेबंदीच्या वर्षी याच कंपनीचे उत्पन्न १,९४१ कोटींवरून सुमारे १,०७३ कोटींवर कोसळले होते, हेही खरे. परंतु २०२४-२५ मधील घट दुकानांच्या भाड्यातून आलेलीच नाही. भाडे तर वाढले आहे. घटीचे मूळ शोधावयाचे तर बंगळुरात राजाजीनगरला या कंपनीने बांधलेल्या निवासी इमारतींकडे पाहावे लागते. सदनिकेची किंमत हिशेबाच्या नियमाप्रमाणे ताबा देण्याच्या सुमारास उत्पन्नात धरली जाते. त्यामुळे एखाद्या वर्षी ती रक्कम धबधब्यासारखी कोसळते आणि पुढच्या वर्षी आटते. आदल्या वर्षी ती मोठी होती, या वर्षी कमी झाली. सदनिका एकदा विकली की ती गेली, तिचे भाडे काही पुन्हा येत नाही. तेव्हा अशी येणारी रक्कम भाड्याच्या रकमेत मिसळून त्या मिश्रणाच्या चढउतारावरून मॉलचे भविष्य वर्तविणे म्हणजे घरचा बैल विकून आलेले पैसे त्या वर्षीच्या पिकाच्या उत्पन्नात धरण्यासारखे आहे.

घटीचे दुसरे कारण याहूनही अधिक उपेक्षिले जाते. २०२३ च्या सप्टेंबरात पुण्याला वाकड येथे आणि त्याच सुमारास बंगळुरात अशा दोन प्रचंड मॉलांचे दरवाजे उघडले. नवा मॉल उघडला, की त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज, जे बांधकाम चालू असताना बांधकामाच्याच खर्चात मांडले जात होते, ते नफातोटा पत्रकात येऊन बसते. आणि इमारतीचा घसारा पहिल्या दिवसापासून चालू होतो. भाडे मात्र भरास येण्यास वर्ष-दोन वर्षे जातात, कारण काही गाळे रिकामे असतात, काही दुकानदारांना सजावटीसाठी बिनभाड्याचे महिने दिलेले असतात. एवंच, वाढत्या कंपनीचा नफा वाढीच्या ऐन काळातच दबलेला दिसतो.

हा युक्तिवाद ऐकून आशावादी पक्ष माझ्या पंक्तीस येऊन बसू पाहील; पण त्याला मी ताटावरून उठविणार आहे. एकवीस टक्के विक्रीवाढीचा जो डंका तो पिटतो, तीत याच दोन नव्या मॉलांचा मोठा हात आहे. आदल्या वर्षी ते अर्धेमुर्धेच चालले होते आणि या वर्षी बारा महिने चालले. जुन्या मॉलांची, लाइक-टु-लाइक, वाढ वेगळी काढल्यावाचून एकवीस टक्क्यांचा उच्चार करणे म्हणजे दोन एकर नवी जमीन कसावयास घेऊन एकरी उतारा वाढल्याची बढाई मारणे होय. शिवाय १३,७६२ कोटी हे कंपनीचे उत्पन्न नव्हे, हे वर सांगितलेच. आणि देशाच्या समृद्धीचे म्हणावे, तर मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई, अहमदाबाद, लखनौ, इंदूर अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नगरांतील गिऱ्हाइकाच्या खिशावरून शेतकरी महाराष्ट्राची नाडी परीक्षिता येत नाही. ज्या वर्षी कापूस हमीभावाच्या खाली जातो त्या वर्षीही लोअर परळच्या ‘पॅलेडियम’मधील घड्याळांच्या दुकानी गर्दी असू शकते, त्या गर्दीवरून वाटुरात काय पिकले हे कळणार नाही, आणि वाटुरात काय पिकले यावरून ती गर्दीही कळणार नाही.

परंतु भाडे आणि भाड्यावर उचललेले कर्ज यांचे प्रमाण बिघडले म्हणजे काय होते, याचा दाखला शोधावयास आम्हांस फार दूर जावे लागत नाही. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरास निघाले की चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत ‘प्रोझोन’ मॉल लागतो. तो २०१० साली उघडला. त्याची मालक कंपनी ‘प्रोव्होग’ या कपड्यांच्या कंपनीतून वेगळी निघून २०१२ साली भागबाजारात नोंदली गेली. तिच्या नावात पुढे अनेक वर्षे ‘इंटू’ हे शेपूट होते, कारण तिचा सुमारे एकतृतीयांश हिस्सा इंग्लंडच्या ‘इंटू प्रॉपर्टीज’ या बलाढ्य मॉलकंपनीपाशी होता. मँचेस्टरचे विख्यात ‘ट्रॅफर्ड सेंटर’ही त्याच कंपनीचे. २०१९ च्या हिशेबात या इंटूने सुमारे दोन अब्ज पौंडांचा तोटा दाखविला. त्यातला बहुतेक तोटा रोख गेला नव्हता. मॉलांचे बाजारमूल्य उतरले, आणि तिकडच्या हिशेबपद्धतीप्रमाणे ते उतरणे थेट नफातोटा पत्रकात आले. डोक्यावर साडेचार अब्ज पौंडांच्या आसपास कर्ज होते, आणि कर्ज देणाऱ्यांच्या अटी तारणाच्या मूल्याशी बांधलेल्या होत्या. नवे भांडवल उभे राहिले नाही, टाळेबंदीत भाडे थकले, आणि २६ जून २०२० रोजी कंपनीचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. त्या वेळी महाराष्ट्रातील मॉल बंदच होते. ५ ऑगस्टपासून ते उघडण्यास सरकारने मुभा दिली. इंटू बुडाली, तिच्या मँचेस्टरच्या मॉलला नवे मालक मिळाले, आणि चिकलठाण्याचा मॉल आजही जागच्या जागी आहे. बुडाली ती इमारत नव्हे. बुडाला तो इमारतीवर रचलेला कर्जाचा मजला.

आमच्या देशाचा हिशेबनियम येथे निराळा आहे, आणि तो ठाऊक नसल्याने पुष्कळ गैरसमज होतात. भाड्यासाठी धरून ठेवलेली मालमत्ता आपल्याकडील कंपनीने मूळ खर्चातून घसारा वजा करूनच ताळेबंदात मांडावी लागते. तिचे वाजवी बाजारमूल्य टिपणांत जाहीर करावयाचे, पण नफ्यात मिसळावयाचे नाही. त्यामुळे मॉलची जमीन दुपटीने महागली तरी भारतीय कंपनीच्या नफ्यात एक छदामही वाढत नाही, उलट इमारत दरसाल ‘झिजल्याचा’ खर्च तिला दाखवावा लागतो. आणि जमीन स्वस्त झाली तरी इंटूसारखा आकांत पहिल्या पानावर दिसत नाही. जो केवळ शेवटची ओळ वाचतो, तो या दोन्ही गोष्टींना मुकतो.

आता तिसरा पक्ष, जो हिशेब वाचतच नाही. तो म्हणतो, या कंपन्यांचा नफा ही आयतखाऊ कमाई आहे आणि ती गिरणगावाच्या छातीवर उभी आहे. यातला ऐतिहासिक भाग मी नाकारीत नाही. ‘फिनिक्स’ हीदेखील १९०५ सालची लोअर परळची कापडगिरणीच. १९५९ साली ती भागबाजारात आली ती सूत कातणारी कंपनी म्हणून. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप झाला तो गिरणीधंद्याच्या आणि कामगारांच्या दोहोंच्याही जिव्हारी लागला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा पुनर्वापर खुला केला. आणि त्या जमिनींतून कामगारांच्या वाट्याला काय आले, या प्रश्नावर मुंबईत पुढे जो झगडा चालला तो न्याय्यच होता. तथापि जमिनीच्या वाटपातील अन्याय ही एक कैफियत आहे आणि १,९५१ कोटींचे भाडे खरे की खोटे ही दुसरी. पहिलीचा जाब सरकारला आणि विधिमंडळाला विचारावा. तो विचारण्याच्या भरात ताळेबंदालाच खोटे ठरवू लागलो, तर जाब विचारण्याचे साधनच आपण हातचे घालवून बसू. आणि भाडे घेणारा तेवढा आयतखाऊ, तर ठोक्याने शेत देऊन जालन्याला मास्तरकी करणाऱ्या आमच्या कित्येक गाववाल्यांना काय म्हणावयाचे?

तेव्हा मॉलकंपनीचे वर्ष कसे गेले हे ठरविण्याची रीत माझ्या मते एवढीच: सदनिकांची विक्री बाजूस काढावी, जुन्या मॉलांचे भाडे नव्यांपासून वेगळे करावे, भाड्याचे विक्रीशी प्रमाण वाढत असेल तर दुकानदार किती दिवस तग धरतील याची शंका घ्यावी, आणि वर्षाचे भाडे कर्जाच्या व्याजास कितीदा पुरते ते पाहावे. ज्यांना एवढाही खटाटोप नको, त्यांच्यासाठी मे २०२३ मध्ये भागबाजारात आलेल्या ‘नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट’सारखा न्यास आहे, त्याला वाटपयोग्य रोख रकमेतील किमान नव्वद टक्के रक्कम कायद्यानेच वाटावी लागते, त्यामुळे तेथे हाती पडलेल्या पैशावरून तरी अंदाज बांधता येतो.

ही रीत पुढील दोन-तीन वर्षांत विशेष उपयोगी पडेल. बंगळूर, वाकड आणि इंदूर येथील मॉल ज्या उपकंपनीच्या छत्राखाली आहेत तिच्यात कॅनडाच्या निवृत्तिवेतन मंडळाचा ४९ टक्के वाटा होता. तो ५,४४९ कोटी रुपयांस, तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने, परत घेण्याचा करार ‘फिनिक्स’ने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. आजवर त्या मॉलांच्या नफ्यातला जवळजवळ अर्धा भाग भागधारकांच्या ओळीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बाहेर जात असे. आता तो क्रमाक्रमाने आत राहील. म्हणजे एकही नवा गाळा भाड्याने न जाता, एकाही दुकानाची विक्री न वाढता, भागधारकांच्या वाट्याचा नफा वर चढलेला दिसेल. आणि ज्या तरुणाने परवा फाट्यावर मॉलच्या मृत्यूची वार्ता दिली, तोच त्या वर्षी त्याच्या पुनर्जन्माचे पेढे वाटील. त्या पेढ्यांची किंमत ५,४४९ कोटींच्या हप्त्यांच्या रूपाने कर्जाच्या आणि रोकडीच्या खात्यात लिहिलेली असेल. पान तेवढे उलटावे लागेल.