चौकाची साक्ष

राज्याभिषेक म्हणजे मंत्र आणि तीर्थोदक, असेंच मीं यवतमाळास मुलांना वर्षानुवर्षें शिकविलें. निवृत्तीनंतर रायगडीं राजसभेच्या उघड्या अंगणांत उभा राहिलों, तेव्हां तें शिकविणें अपुरें होतें असें ध्यानांत आलें.

६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. गागाभट्टांनीं मंत्रपूर्वक अभिषेक केला; सिंहासनारोहण मात्र भर सभेंत झालें. समोर विस्तीर्ण अंगण, पलीकडे नगारखान्याचा उंच दरवाजा. तेथें काढलेला शब्द सिंहासनाच्या जागीं स्पष्ट ऐकूं येतो. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. दाराशींचे दोन हत्ती इतक्या अवघड वाटेनें वर आले कसे, याचें त्याला नवल वाटलें. मंत्रानें राजा अभिषिक्त झाला. अंगणानें तो सर्वांचा झाला.

उलट अयोध्या पाहा. रामाच्या यौवराज्यासाठीं लोकांनीं चव्हाटे शृंगारले, असें वाल्मीकि सांगतात. पण रातोरात अंतःपुरांत निर्णय फिरला आणि शृंगारलेले चव्हाटे तसेच राहिले.

घरासही हाच न्याय लागू. आमच्या वडिलांनीं शेतीचा कारभार धाकट्याकडे एकांतांत सोंपविला. निवड योग्यच होती. तरी मी थोरला चार वर्षें भावाशीं बोललों नाहीं. माजघरांत चौघांसमक्ष सांगितलें असतें, तर मींच त्याच्या हातीं किल्ल्या दिल्या असत्या. वाचकहो, आपल्या घरीं सुनेच्या हातीं किल्ल्या द्यावयाच्या असतील, तर आधीं सर्वांस माजघरांत बोलवा.