चेहऱ्याच्या कुलपाची सरसकट बदनामी नको



‘चेहऱ्याने मोबाइल उघडणे म्हणजे चेहरा कंपनीच्या हवाली करणे’ हे आपल्या अंकातील लेखातले मत वस्तुस्थितीला धरून नाही. २०१७ साली आलेली आयफोनची फेस आयडी अवरक्त प्रकाशाचे तीस हजारांवर ठिपके टाकून चेहऱ्याचा उंचसखल नकाशा काढते; तो फोनमधल्याच सुरक्षित कप्प्यात राहतो. झोपलेल्या माणसासमोर फोन धरून भागत नाही, कारण नजर फोनकडे लागते. खरा धोका लेखकाने सोडूनच दिला. अनेक स्वस्त अँड्रॉइड फोन पुढच्या साध्या कॅमेऱ्याने सपाट चित्र जुळवतात, आणि त्यातले काही छायाचित्रालाही फसतात. अशा सर्वांत कमकुवत वर्गातली चेहरा-ओळख गूगल इतर अ‍ॅपना वापरूच देत नाही.

‘त्यापेक्षा अंगठा बरा’ हा लेखातला सल्ला तर यवतमाळात देऊच नये. कापूस वेचून, निंदण करून घासलेल्या बोटांचे ठसे यंत्र कित्येकदा नाकारते. पीएम-किसानच्या अ‍ॅपने २०२३ मध्ये ठसा वा ओटीपीशिवाय, चेहऱ्यावर ई-केवायसी सुरू केली ती उगाच नव्हे. ती पडताळणी मात्र आधारच्या यंत्रणेकडून होते. फोनच्या कुलपाशी तिची गल्लत नको. फोन साध्या कॅमेऱ्याचा असेल तर पिनच ठेवावा, एवढे तरी वाचकांना सांगावे.

– एक वाचक, यवतमाळ